मामांचा सपाट आलेख

“चित्र बघून मला काय वाटायला पाहिजे ते तुम्हीच सांगून टाका बाई, मी तसं वाटून घेतो,” खुर्चीत बसता बसता मामा म्हणाले.

बाईंना हसू आलं, पण तसं काही सांगायची परवानगी नव्हती. मेंदूचा आलेख काढायच्या त्या अरुंद खोलीत त्यांनी एकोणतीस वर्षं काढली होती. त्या खुर्चीत बसलेलं माणूस आधी घाबरतं आणि मग विनोद करतं, हे त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी मामांच्या डोक्याभोवती टेप फिरवली, मेणाच्या पेन्सिलीने खुणा केल्या आणि पांढरी चिकट पेस्ट लावून एकेक तार बसवायला घेतली. अशा एकवीस तारा. आजारी पोरं त्यांना तारांच्या बाई म्हणायची, आणि पुढे सगळं रुग्णालयच तसं म्हणायला लागलं.

वॉर्डातल्या मदतनिसाला कुठेही मामाच म्हणतात, त्यामुळे रुग्णालयात मामांना तोटा नव्हता. पण नुसतं ‘मामांना बोलवा’ म्हटलं की हाच एक माणूस यायचा. जे उठत नाहीत, बोलत नाहीत आणि बहुधा बरेही होणार नाहीत अशा रुग्णांचा एक वॉर्ड तळमजल्यावर होता. तिथे मामांना बावीस वर्षं झाली होती. अंग पुसायचं, शौचाचं भांडं द्यायचं, नखं कापायची आणि दर दोन तासांनी प्रत्येकाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं. सात नंबरच्या खाटेवर एक बसचालक चार वर्षं पडून होता. चार वर्षांत त्याच्या पाठीला साधा फोड आला नव्हता. ज्यांना या कामातलं कळतं त्यांना हे ऐकून खरं वाटत नाही.

चाचणी अशी होती. समोरच्या पडद्यावर साठ चित्रं यायची. त्यातली निम्मी साधी, म्हणजे खुर्ची, बादली, झाड. उरलेली दुःखाची, म्हणजे भाजलेलं मूल, अपघात, हाडांचा सापळा झालेला म्हातारा. दुःखाचं चित्र आलं की मेंदूच्या पुढच्या भागात एक लहर उठते, आणि ती जितकी उंच तितकी माणसात करुणा जास्त, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. तिचं नावही त्यांनी करुणेची लहर असंच ठेवलं होतं. वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाची ही चाचणी घ्यायची, असा हुकूम निघाला होता.

मामांनी साठच्या साठ चित्रं नीट बघितली. हात मांडीवर, मान सरळ, पापणीसुद्धा उगाच लवत नव्हती. फक्त एकदा, म्हाताऱ्याचं चित्र आलं तेव्हा, ते बोलायची मनाई विसरले आणि म्हणाले, “ह्याच्या टाचेखाली कुणी उशी दिलेली नाही.” बाईंनी तेवढी जागा खूण करून वगळली. बाकी आलेख असा की बघत राहावं. इतकी स्वच्छ, इतकी स्थिर नोंद त्यांच्या हातून क्वचितच निघाली होती. त्यात लहर मात्र कुठेच नव्हती. जिथे ती उठायला हवी तिथे रेघ सपाट होती.

“झालं? सात नंबरची वेळ झाली,” म्हणत मामा उठले आणि केसांतली पेस्ट न पुसताच पळाले. बाईंनी कागदाच्या तळाशी ‘नोंद स्वच्छ, दोष नाही’ असं लिहिलं आणि सही ठोकली. त्या सहीचा त्यांना त्या क्षणी थोडा अभिमानच वाटला होता. पुढे तो आठवला की त्यांना स्वतःचीच चीड यायची.

ही चाचणी सुरू झाली ती एका मोठ्या माणसापासून. तो माणूस म्हणजे धर्मगुरू. त्यांचं नाव घरोघरी होतं. बाईंचे यजमान पोस्टातून निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा त्यांच्या प्रवचनाबरोबरच घ्यायचे. मोठ्या डॉक्टरांनी आणि धर्मगुरूंनी मिळून एक प्रकल्प काढला होता. माणूस चांगला का वागतो, याचं उत्तर मेंदूचं शास्त्र आणि धर्म यांनी एकत्र द्यायचं. सगळ्यात पहिला आलेख अर्थातच धर्मगुरूंचा निघाला. बाईंनीच तारा लावल्या. धर्मगुरू मोठे प्रसन्न होते, त्यांनी बाईंच्या मुलांची चौकशी केली. पण चित्रं सुरू झाली तशी त्यांनी डोळे मिटून घेतले. ओठ बंद होते आणि गालाच्या आत जीभ चालू होती. बाईंनी दोनदा सांगून बघितलं, आणि मग नियमाप्रमाणे नोंदीवर लिहिलं, ‘डोळे मिटलेले. जीभ हलते आहे.’

आता यातली गंमत अशी, की जिभेत स्वतःची वीज असते. तोंडातल्या तोंडात जीभ नुसती वरखाली केली तरी कपाळावरच्या तारा ती पकडतात, आणि कागदावर संथ, डौलदार लाटा उमटतात. नव्या तंत्रज्ञाला पहिल्याच महिन्यात शिकवतात की ही मेंदूची लाट नव्हे, हिला फसू नकोस. मोठ्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल असं म्हणवत नाही. ठाऊक असून विसरले असतील, आणि विसरणं फारच सोयीचं होतं.

मामांच्या चाचणीनंतर दोन आठवड्यांनी सभागृहात व्याख्यान झालं. रुग्णालयातल्या सगळ्यांना हजर राहायचा आदेश होता. पुढे पाहुणे, मध्ये डॉक्टर, मागे परिचारिका, आणि सगळ्यात मागच्या रांगेत मामा लोक.

मोठे डॉक्टर बोलायला हुशार होते आणि सुरुवातीला ते बोलले त्यात चूक काहीच नव्हती. कपाळामागचा मेंदू दुखावला की देवमाणूस शिवीगाळ करायला लागतो, हे बाईंनी डोळ्यांनी बघितलं होतं. एका मवाळ कारकुनाला गाठ झाली होती. तो आईच्या अंगावर ताट भिरकवायचा, आणि गाठ काढल्यावर तोच तिच्या पायाशी बसून रडला होता. चांगुलपणाला मेंदू लागतो, यावर बाईंचा विश्वास होता. देवावरही होता. दोघांचं आपसात जमलं तर त्यांना आनंदच झाला असता.

मग धर्मगुरू उठले. दुसऱ्याचं दुःख बघून ज्याचं अंतःकरण हलतं तोच खरा माणूस, असं धर्म युगानुयुगं सांगत आला आहे, आणि आज विज्ञानाने त्या हलण्याचं चित्रच काढून दाखवलं आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. पडद्यावर दोन रेघा आल्या. वरची उंच लाटांची, खालची सपाट. वरची एका साधकाची आहे, डॉक्टर म्हणाले, आणि खालची आपल्याच इथे बरे न होणाऱ्या रुग्णांमध्ये बावीस वर्षं काम केलेल्या एका माणसाची. नाव आपण घेणार नाही. तो माणूस वाईट नाही. रोज रोज दुःख बघून त्याचा मेंदू कोरडा पडला आहे, आणि जिथे करुणा नाही तिथे नीती फार काळ टिकत नाही.

नाव घेणार नाही म्हणे. बावीस वर्षं म्हटल्यावर रुग्णालयातल्या झाडूलासुद्धा कळलं असतं. मागच्या दोन रांगा वळून मामांकडे बघायला लागल्या. मामा मान उंच करून पडद्याकडे बघत होते. ती रेघ आपली आहे हे त्यांना कळायला जरा वेळ लागला असावा, कारण शेजाऱ्याने कोपराने ढोसल्यावर त्यांनी आधी हसून त्याच्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. वरची रेघ कुणाची ते त्यांनी पहिल्या नजरेत ओळखलं होतं. कागदाची ती कड, जिच्यावर त्यांच्या अक्षरात जीभ आणि डोळे लिहिले होते, नेमकी कापून टाकलेली होती.

आठवडा झाला नाही तोच मामांची बदली कापडखोलीत झाली. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, गाडीवर घालून प्रत्येक वॉर्डाच्या दारापर्यंत पोचवायच्या. वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. सहा महिने धर्मगुरूंच्या संस्थेत करुणेचं प्रशिक्षण, मग पुन्हा चाचणी, आणि लहर उठली तर परत काम. हे सगळं त्यांच्याच भल्यासाठी आहे, असं पत्रात लिहिलं होतं. असल्या पत्रांत ते असतंच.

बाई कापडखोलीत गेल्या आणि म्हणाल्या की चूक माझी आहे, सही मीच केली. मामांनी हातातली घडी पुरी केली.

“सही बरोबर आहे बाई. मला त्या चित्रांचं काही वाटलं नाही, हे खरंच आहे. चित्राला कुशीवर वळवता येतं का?” ते म्हणाले. “पहिलं वर्षभर मी फार रडायचो. एकाजवळ रडत बसलो की पुढच्याची वेळ चुकायची. मग सोडलं रडणं. आता ते कुठे गेलं, मला नाही माहीत.”

मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की सात नंबरला डाव्या कुशीवर जास्त वेळ ठेवत नाहीत ना, त्याचं कमरेचं डावं हाड वर आहे, तिथे लगेच जखम होते. बाईंना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी इतक्या वर्षांत शेकडो डोक्यांना तारा लावल्या, पण कुणाचं कुठलं हाड वर आहे, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी घरी जाऊन त्या यजमानांसमोर कडाडल्या. यजमान म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाचा आलेख चुकेल कसा, तुझीच एखादी तार सैल राहिली असेल. बाईंनी ताट तसंच सरकवलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि आपली तार सैल राहत नाही एवढंही या माणसाला माहीत नव्हतं. रागाने त्यांना झोप लागेना, पण त्या रागातूनच एक गोष्ट सुचली.

दुसऱ्या दिवशी, पहिला रुग्ण यायच्या आधी, त्यांनी आरशात बघून स्वतःच्याच डोक्याला तारा लावल्या. पडद्यावर बादलीचं चित्र लावलं. निळी, प्लास्टिकची, कान तुटका. तिच्याकडे बघत त्यांनी तोंड बंद ठेवून जीभ हलवली. लहानपणी पाठ केलेले पाढे म्हटले, बेपासून बारापर्यंत. कागदावर लाटा उसळल्या, धर्मगुरूंच्या लाटांपेक्षा बोटभर उंच.

तो कागद आणि धर्मगुरूंच्या आलेखाची आपल्याकडची प्रत घेऊन त्या मोठ्या डॉक्टरांच्या दालनात गेल्या. धर्मगुरू तिथेच बसले होते. बरंच झालं, असं बाईंना वाटलं. त्यांनी दोन्ही आलेख टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

“ही माझी करुणा,” त्या म्हणाल्या. “बादलीबद्दलची.”

डॉक्टरांनी चष्मा वर केला. समजलं त्यांना, लगेच समजलं, ते त्यांच्या ताठ झालेल्या मानेवरून दिसलं. पण ते म्हणाले, असले दोष संगणकाने गाळलेले असतात, आणि हे प्रश्न तज्ज्ञांचे आहेत. “बाई, तुमचं काम तारा लावायचं. पाच महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. कशाला या वयात त्रास करून घेता?”

“माझी नोंद का कापलीत?” बाईंनी विचारलं.

उत्तर धर्मगुरूंनी दिलं, आणि अगदी मऊ आवाजात दिलं. “खरं आहे, मी प्रार्थना म्हणत होतो. जीभ हलली असेल. पण लहर कुठून का आली असेना, त्या दिवशी सभागृहातली तीनशे माणसं घरी जाऊन थोडी बरी वागली असतील. त्यात कुणाचं काय बिघडलं?”

“मामांचं बिघडलं. खाली सात नंबरला एक माणूस आहे, त्याचं बिघडलं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही प्रार्थना म्हणत होता तेव्हा समोर भाजलेलं पोर होतं. तुम्ही डोळे मिटले होते. मामांनी साठही चित्रं उघड्या डोळ्यांनी बघितली. एवढं तरी त्या सभेत सांगायचं होतं.”

धर्मगुरूंचा चेहरा क्षणभर उघडा पडला. ते काही बोलतील असं वाटलं. पण डॉक्टरांनी घंटी वाजवली, पुढची भेट ठरलेली होती, आणि बाईंना बाहेर जावं लागलं. दोन्ही कागद टेबलावरच राहिले. संध्याकाळी पत्र आलं की प्रकल्पाच्या चाचण्या यापुढे दुसरा तंत्रज्ञ घेईल. प्रकल्प थांबला नाही. मामाही परत आले नाहीत. रागाने एवढं तरी व्हायला हवं होतं, असं बाईंना वाटत राहिलं. पण राग सरकारी कागदासारखाच असतो, तो पुढे सरकत नाही, आपल्याच टेबलावर पडून राहतो.

तीन आठवड्यांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बसचालकाची बायको बाईंच्या खोलीत आली. ती रोज बाराला येऊन नवऱ्याजवळ तासभर बसायची. तिने एवढंच सांगितलं, की त्याच्या डाव्या कमरेला जखम झाली आहे आणि वास येतोय.

बाई तिच्याबरोबर खाली गेल्या. मामांच्या जागी आलेला मदतनीस चाळिशीचा, भला माणूस होता. त्याची लहर सगळ्यांत उंच आली होती, आणि ती खोटी नसावी, कारण जखम बघून त्याचे डोळे भरून आले होते. खाटेपासून दोन पावलांवर तो हात चोळत उभा होता. वळवायला जातो तर ह्यांचा चेहरा असा होतो की माझ्याने बघवत नाही, असं तो म्हणाला, आणि तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. बाईंना त्याच्यावर रागावताही येईना.

परिचारिका दोन आणि खाटा बावीस. ड्रेसिंग करणारी वाट बघत होती, पण आधी कुणीतरी वळवून धरायला हवं होतं. बाईंनी बाह्या सरसावल्या. त्यांनी चालकाच्या खांद्याला हात लावला, आणि पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. माणूस इतका जड असतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

“खांद्याला नाही बाई. एक हात कमरेखाली.”

दारात मामा उभे होते. चादरींची गाडी उंबऱ्याला लागली होती आणि त्यांच्या चपलांची टोकं उंबऱ्याच्या बरोबर बाहेर होती. आत या म्हणून बाईंनी खुणावलं. मामांनी मानेनेच नाही म्हटलं. बदलीच्या पत्रावर त्यांनी सही केली होती, आणि सही केलेली गोष्ट मोडणारा तो माणूस नव्हता.

“आधी त्याला सांगा,” ते दारातूनच म्हणाले. “न सांगता हात लावला की घाबरतो तो.”

बाई चालकाच्या कानाशी वाकल्या आणि तुम्हाला उजव्या कुशीवर घेते, असं म्हणाल्या. त्याचे डोळे छताला होते. काही कळल्याचं चिन्ह नव्हतं. तरी कमरेखालचा घट्टपणा जरासा सैल झाला, तो त्यांना हाताला जाणवला.

“गुडघा दुमडा त्याचा. डावा. हां. आता एका दमात घ्या, हळूहळू नको. हळू केलं की जास्त दुखतं.”

बाईंनी श्वास घेतला आणि ओढलं. चालकाच्या घशातून आवाज आला, त्याच्या बायकोने तोंड फिरवलं. पण तो वळला. सगळा भार बाईंच्या दोन हातांवर आणि पोटावर आला. जखम वर आली, आणि परिचारिकेने पटकन काम सुरू केलं. पाच मिनिटं, ती म्हणाली. बाईंचे दंड थरथरायला लागले. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायला हात मोकळा नव्हता. त्या जखमेकडे बघत राहिल्या, आणि आपल्याला आता काय वाटतंय हे शोधायला त्यांना वेळच मिळाला नाही.

पट्टी बांधून झाली. पाठीला उशी लागली. बाईंनी हात सोडवून घेतले आणि दाराकडे बघितलं.

मामा अजून तिथेच होते. त्यांचे दोन्ही हात छातीसमोर उचललेले, तळवे वर, कोपरं अंगाशी घट्ट, कपाळावर घाम. परिचारिका दुसऱ्या खाटेकडे गेली तेव्हा त्यांनी ते सावकाश खाली घेतले, गाडी मागे ओढली आणि पुढच्या वॉर्डाच्या चादरी घेऊन गेले.